कूलर जागचा हललाच नाही

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही. देवापुढे बसते तेव्हाही या गोष्टीपाशी आले की हळूच पुढे सरकते — देवाला कळत नाही असं थोडंच आहे? तुमची माझी ओळख नाही, म्हणून तुमच्यापुढे तोंड उघडते आहे.

गोष्ट एका कॉम्प्युटरची. या म्हातारीला कॉम्प्युटरचं काय, असं वाटलं ना? मला समजतं हो त्यातलं. शाळा सातवीपर्यंतच, पण कान उघडे ठेवले की माणूस शिकतो. मला शिकवलं निलेशने. माझ्या धाकट्या दिराचा मुलगा. मला मोठीआई म्हणायचा.

मी नागपुरात बेसाला मुलाकडे राहते, संजयकडे. नातू अथर्वच्या मित्राकडे टीव्हीला जोडून खेळायचा तो डबा आला आणि आमच्या पोराचं जेवणावरचं लक्ष उडालं. संजय तसाच डबा आणणार होता. निलेश म्हणाला, तेवढ्याच पैशात मी कॉम्प्युटर बांधून देतो, खेळ तसेच पळतील आणि पोरगा अभ्यासही करेल. त्याने तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाला, वाडीला एक खोली भाड्याने घेतली होती, कॉम्प्युटर जोडून विकायचे म्हणून. आमची मशीन म्हणजे नात्यागोत्यातलं त्याचं पहिलंच काम. हे साधलं तर पुढची मिळणार होती — तो बोलला नाही, पण कळत होतं.

मग दर रविवारी तो यायचा. मी पोहे करायची, वर झणझणीत तर्री, आणि तो ओट्याशी उभा राहून खाता खाता मला एकेक भाग समजावायचा. अथर्वला रंगीत दिव्यांचे पंखे हवे होते. निलेश म्हणे, दिव्यांनी खेळ पळत नाही. मी म्हटलं, म्हणजे लग्नात मंडपावर नाही, पंगतीवर खर्च करायचा. तो इतका हसला, म्हणाला, बरोबर, आणि आपली पंगत म्हणजे ग्राफिक कार्ड. पॉवर सप्लाय मात्र हलका घ्यायचा नाही, तो मरताना दुसऱ्यांनाही घेऊन मरतो. प्रोसेसर मधला चालेल. स्क्रीन नको, टीव्ही आहेच.

अडलं ते कार्डापाशी. त्या डब्याच्या तोडीचं नवं कार्ड पैशात बसत नव्हतं. निलेशने वापरलेलं शोधलं, आणायच्या आधी आपल्या खोलीवर दोन दिवस सतत चालवून पाहिलं. संजय नाराज होता — जुना माल काहून घ्यायचा? त्याला मीच समजावलं. जुन्या कढईत भाजी जळत नाही, असं म्हणाले. मी — लक्षात ठेवा हे.

मशीन झकास झाली. डबावाला तो मित्रही येऊन खेळून गेला. संजयच्या दोन्ही मेहुण्यांनी निलेशला आपापल्या मशीनी सांगून टाकल्या. जाताना निलेश मला म्हणाला, "मोठीआई, याले कूलरसमोर नको ठेवजो. कूलर पाणी फेकते."

मी मान डोलावली होती. मग काहून केलं?

मे महिना. तुम्ही नागपूरचे असाल तर वेगळं सांगायला नको. दुपारी अथर्व खेळ डाउनलोडला लावून शिकवणीला गेला होता, बाकी दोघं कामावर. मी मशीनवर हात ठेवून पाहिला — तापलेली. मला वाटलं, लेकरू भाजून निघतंय. हो, मशीनबद्दलच वाटलं असं. बाजूचं झाकण काढलं, चाकाच्या स्टँडवरचा कूलर ओढत आणून समोर लावला, त्याच्या नव्या ताट्यांवर, म्हणजे बाजूच्या गवताच्या जाळ्यांवर, पाणी सोडलं आणि तिथेच पडले. झोप कशी छान लागली.

जाग आली ती जळका वास येऊन.

आधी मेन स्विच बंद केला. मग पदराने सगळं पुसलं. झाकण लावलं. कूलर जागेवर नेला, फरशीवरचे चाकांचे ओले ओरखडेही पुसले. बघा, घाबरलेलं माणूस किती नीटनेटकं काम करतं! सून नेहमी म्हणायची, आई, तुम्ही मशीनींना हात लावत जाऊ नका. मिक्सर माझ्याच हातून गेला होता, त्याच्या आधी गीझर. पण हे मी कारण म्हणून नाही सांगत. तेव्हा डोक्यात काय होतं तेवढं सांगते.

संध्याकाळी मशीन चालूच होईना, म्हणून अथर्वने बोलावलं आणि निलेश आला. एकेक भाग काढून, लावून पाहिला. बाकी सगळं ठीक, कार्ड मेलेलं. त्याने कार्डाच्या काळ्या पंख्यावरून बोट फिरवलं. बोट पांढरं झालं. आमच्या बोअरच्या पाण्याचे डाग वाळले की असेच पांढरे पडतात — नळाला, बादलीला, कूलरच्या टाकीला. त्याने बोटाकडे पाहिलं. मग कूलरकडे. मग पँटला बोट पुसलं आणि अगदी हळू विचारलं, "मोठीआई, कूलर इकडे त नव्हता ना आणला?"

किती सोपं करून दिलं होतं त्याने. नुसतं हो म्हणायचं होतं.

"नाही बाप्पा," मी म्हटलं. "कूलर जागचा हललाच नाही. जुना माल तो, त्याचा का भरोसा?"

संजय टपूनच होता. "म्हटलं होतं ना मी. घरच्याच माणसाले फसवलं गा तू."

निलेश माझ्याकडे पाहत होता. मी ताट्यांकडे. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच्या मशीनमधलं कार्ड काढून आणलं, आमच्यात बसवलं, अथर्वला खेळ सुरू करून दिला आणि पोहे न खाता गेला. मी थांब म्हटलंच नाही.

मेहुण्यांनी नको म्हणून कळवलं. मग बाकीच्यांनी. आमच्यात एकदा 'जुना माल गळ्यात मारला' असं झालं की ते प्रत्येक पंगतीत वाढलं जातं, आणि मी त्या पंगतींत जेवले. वर्षाच्या आत त्याने ती खोली सोडली. आता तिथेच वाडीला, एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात मालाच्या पावत्या फाडतो.

लग्नाकार्यात भेटतो. वाकून पाया पडतो. 'बरी आहे ना काकू' म्हणतो.

काकू.

त्याने कोणालाच काही सांगितलं नाही. त्याला ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं की त्याला ठाऊक आहे, तरी चार वर्षं मी मान खाली घालून आशीर्वाद देत आले.

मशीन अजून चालते, त्याच्याच कार्डावर. अथर्व खेळायला बसला की पंखा फिरतो, तो मला ओट्यापाशी ऐकू येतो. कूलर हलला होता. मी हलवला होता.