छातीत काही त्रास?

लीलाबाईंचा मला राग येतो. त्यांच्यासारखी आशाताई आख्ख्या तालुक्यात दुसरी नाही, म्हणून तर जास्तच येतो.

मी सुलेखा. पाचोडजवळच्या एका उपकेंद्रात सिस्टर आहे, संभाजीनगरातल्या पुंडलिकनगरहून रोज जाऊन-येऊन करते. लीलाबाई बारा वर्षं गावात घरोघर फिरतायत. लेकराचा डोस चुकवला की त्याच्या बापाला भर पारावर झापतील, सरपंचाचीही भीड ठेवणार नाहीत. खमकी बाई!

तर तपासणीचे फॉर्म आले. तिशीपुढच्या प्रत्येक बाईला विचारायचं, स्तनात गाठ आहे का? लीलाबाईंनी आठ दिवसांत गाव उरकलं. सगळीकडे ‘नाही’. मीही न बघता खाली सह्या ठोकल्या आणि मीटिंगमध्ये शाबासकी घेऊन आले.

चार महिन्यांनी वच्छलाबाई आल्या. गाठ फुटून वाहत होती, लुगड्याखाली फडकं कोंबलेलं. मी त्यांचा फॉर्म काढला. ‘नाही’! डोकंच फिरलं माझं.

“लीलाबाई, यांना विचारलं होतं का तुम्ही?”

“इचारलं की. छातीत काही त्रास हाय का, म्हणलं. नाय म्हणल्या.”

“छातीत? अहो, छातीत म्हणजे खोकला, धडधड! स्तन म्हणायला काय जीभ झडली असती?”

“ओट्यावर गडीमाणसं बसलेली असतेत, सिस्टर. त्यो शब्द तोंडातून निघत नाय.”

“गावाला निरोध वाटता तुम्ही! तेव्हा कुठं जाते ही मेली लाज?”

“तिला नका बोलू,” वच्छलाबाई मधेच म्हणाल्या. “मला खरंच त्रास नव्हता. दुखतच नव्हती वो गाठ.”

“दुखत नाही म्हणून तर विचारायचं असतं!” मी ओरडले. कुणावर ओरडले, देव जाणे. सही तर माझीच होती.

वच्छलाबाईंना ॲम्ब्युलन्समधून संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. मी परत आत आले, तर लीलाबाई फॉर्मचा गठ्ठा उपसत बसलेल्या. त्यांनी स्वतःचाच फॉर्म काढला. ‘नाही’वर काट मारली. वर ‘आहे’ लिहिलं.

“दिवाळीपासून हाय. बोराएवढी. आता करा सही.”

या वेळी मी वाचून सही केली. अगं बाई, घरोघर फॉर्म घेऊन फिरलीस, अन् स्वतःची गाठ लपवलीस? तोंडावर एवढंच म्हणाले, “उद्या पहिल्या एसटीनं शहरात यायचं, मी स्टँडवर थांबते. काही कारण चालणार नाही.”

“येते. पन सिस्टर, तुमचा फॉर्म कुनी भरला?”

कुणीच नाही. सेहेचाळीस वर्षांची मी, बायकांना तपासायचं ट्रेनिंग घेतलेली. कधी आरशापुढं उभी राहून स्वतःला चाचपून पाहिलं नव्हतं.

लीलाबाईंनी कोरा फॉर्म पुढं ओढला. दार सताड उघडं होतं, बाहेर बाकड्यावर चार गडीमाणसं बसली होती. लीलाबाईंनी एकदा तिकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आणि खणखणीत आवाजात विचारलं,

“सिस्टर, स्तनात गाठ हाय का?”