माईवहिनींची गाठ आणि ‘बाहेर’ची भानगड

आमच्या भिवंडीत सकाळी घर झाडलं की दुपारी पुन्हा कापसाची लव बसलेली असते. फळीवर, देव्हाऱ्यात, ताकाच्या झाकणावर. आळीभर कापड विणणारे लूम चालतात, लव उडणारच. आमच्या मंगळवारच्या भजनी मंडळातल्या गोष्टींचं तसंच आहे. कितीही झाडा, पुन्हा साठतात. त्यातल्या निम्म्या तरी माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या, म्हणजे माईवहिनींच्या. मंडळाच्या मुख्य गायिका त्याच. लूमच्या खडखडाटात, माइकशिवाय, त्यांचा आवाज थेट मारुतीच्या देवळापर्यंत जायचा. त्याच गळ्यात कॅन्सरची गाठ निघाली. त्या वर्षी आम्ही जेवढं रडायला हवं होतं तेवढे रडलोच नाही. हसलोच जास्त. देव क्षमा करो!

* * *

गाठ पहिल्यांदा सापडली ती डॉक्टरला नव्हे, सोनाराला.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माईवहिनींनी ठुशी काढली. दोरा पार शेवटपर्यंत सैल केला तरी रुतायला लागली. दिवाळीत ती पॉलिशला दिली होती. वहिनींनी निष्कर्ष काढला की सोनाराने मणी काढून घेतले. मला बरोबर घेतलं आणि भर बाजारात, नेहमीच्या आवाजात, त्याची हजेरी घेतली. समोरच्या भांडीवाल्याने गल्ला सोडून येऊन ऐकलं.

सोनार शांत माणूस. त्याने ठुशी पांढऱ्या फडक्यावर ठेवली, जुनी नोंद काढली, एकेक मणी दाखवला. मग चष्मा कपाळावर चढवून वहिनींच्या गळ्याकडे बघितलं.

“माईवहिनी, मणी पूर्ण आहेत. गळ्यातच काहीतरी जास्त आहे.”

* * *

इथल्या डॉक्टरांनी सुई घालून पाणी काढलं, रिपोर्ट वाचला आणि मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे मुंबईबाहेरच्या पेशंटची खिडकी वेगळी. आम्हाला काय माहीत? समोर दिसली त्या रांगेत उभ्या राहिलो.

खिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, “बाहेरच्या का?”

आता आमच्याकडे बाईला असं विचारलं की त्याचा एकच अर्थ. चार दिवस देवाला शिवत नाही, तीच ‘बाहेरची’. माईवहिनी लाजल्या. पदर सावरला. पण हॉस्पिटलात खरं सांगावं म्हणून जाळीशी तोंड नेऊन म्हणाल्या,

“नाही हो. बंद होऊन सहा वर्षं झाली.”

त्या माणसाने मान वर केली ती आम्ही जाईपर्यंत खाली घातली नाही.

* * *

माझा स्वभाव असा, की काही झालं की आधी देवाला सांगायचं. रिपोर्ट आला त्याच दिवशी मी आळीतल्या गणपतीला एकवीस दूर्वा वाहून संकल्प सोडला होता, “बाप्पा, माईवहिनींच्या गळ्यातली गाठ बाहेर जाऊ दे. तोवर मी चहा घेणार नाही.” मंडळाच्या सगळ्या जणींनी हात जोडून तेच म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या हॉस्पिटलातले सर्जन समजावून सांगायला बसले. आमचे चेहरे बघून म्हणाले, “करंजी करता ना घरी? ही थायरॉईडची ग्रंथी म्हणजे करंजी आणि गाठ म्हणजे सारण. सारण आतच असेल तर करंजी उचलून बाजूला काढायची, काम झालं. चिमूटभर कडेला लागलं असेल तरी फार घाबरायचं नाही. पण करंजी फुटून सारण तेलात गेलं, म्हणजे श्वासनळीत, आवाजाच्या नसेत, तर पुढचं अवघड. गाठ बाहेर किती गेलीय, त्यावर पुढचं सगळं अवलंबून.”

माईवहिनी म्हणाल्या, “कडा दुधाचा हात लावून दाबल्या की सारण येत नाही बाहेर.”

डॉक्टर हसले. वहिनी नाही हसल्या. त्यांनी विचारलं, “माझ्या कडा कशा आहेत, ते कधी कळेल?”

“कापल्यावर.”

इकडे मला माझा संकल्प आठवला. गाठ आत राहायला हवी, आणि आम्ही दहा जणींनी देवाकडे मागितलं होतं की बाहेर जाऊ दे! घरी आल्यावर पायही न धुता मी देवळात गेले. “बाप्पा, कालचं रद्द. आतच राहू दे,” असं तीनदा म्हटलं.

* * *

मंडळातली जनाबाई जवळच्या काल्हेर गावची. शेतजमिनीवर आता घरची दोन गोडाऊन उभी आहेत, पण बाई अजून स्वतः सुकट वाळवते. दर मंगळवारी रिक्षा करून भजनाला येते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती आमच्याबरोबर वॉर्डात होती. सर्जन राउंडला आले आणि बरोबरच्या डॉक्टरांना म्हणाले, “बाहेरचं काही आहे का, ते उद्या नीट बघावं लागेल.”

जनाबाईने माझा दंड धरला. “मी पयलंच बोलले व्हते गो बाय! बाहेरचंच हाय ते. आता डाक्टरपन तेच बोलतंय.”

आमच्याकडे ‘बाहेरचं’ म्हणजे भूतबाधा. डॉक्टर पुढच्या खाटेपर्यंत पोचायच्या आत जनाबाईच्या पिशवीतून मीठ, मोहऱ्या आणि सात लाल मिरच्या निघाल्या. माईवहिनींवरून तीनदा उतरवून झाल्या. आता त्या जाळायच्या कुठे? तेवढ्यात सिस्टर धावत आल्या. जनाबाईने मूठ त्यांच्यापुढे धरली आणि ठणकावून सांगितलं,

“मोठ्या डाक्टरनं सांगितलंय!”

* * *

ऑपरेशन झालं. आवाजाची नस वाचवली होती, पण तिला गाठ चिकटलेली होती, ती सोडवताना धक्का लागला. आवाज कधी येईल, किती येईल, डॉक्टर सांगू शकत नव्हते. वहिनींना पाटी-पेन्सिल दिली. तिसऱ्या दिवशी घरी आल्या. घर इतकं शांत वाटलं, की लूमचा आवाज आम्हाला पहिल्यांदाच ऐकू आला.

काढलेल्या गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट फोनवर कळायचा होता. घरचा फोन उचलला माझ्या थोरल्या दिरांनी, नानांनी. नानांनी तीस वर्षं लूमखात्यात काढलेली, निम्मं ऐकू येत नाही. दोन मिनिटं “हो, हो” करून फोन ठेवला आणि टाळीच वाजवली.

“गाठ बाहेर गेली! डॉक्टर स्वतः म्हणाले!”

आम्ही कोणी काही बोलायच्या आत ते चप्पल घालून बाहेर पडले, आणि आळीत पेढे वाटले. बायकोची कॅन्सरची गाठ बाहेर गेली म्हणून पेढे वाटणारा हा जगातला एकच नवरा असेल.

मी डॉक्टरांना परत फोन लावला. गाठ थोडी बाहेर गेली होती. चिमूटभर, कडेला. तेलात नाही. श्वासनळी स्वच्छ होती. पण आयोडीनचं औषध द्यावं लागणार होतं, आणि त्यानंतरच्या स्कॅनमध्ये बाहेर कुठे काही दिसायला नको.

* * *

त्या दिवशी मला राहवलं नाही. वहिनींपाशी बसून सगळं कबूल केलं. पहिला संकल्प उलटा झाला होता, दुसऱ्या दिवशी रद्द केला, पण बाप्पाकडे पहिलाच अर्ज आधी पोचला असणार. माझ्यामुळे गाठ बाहेर गेली. बोलता बोलता रडूच आलं.

माईवहिनींनी पाटी ओढली. बराच वेळ लिहीत होत्या. पाटीवर होतं,

“वेडी आहेस. अर्ज एकच दिवस होता, म्हणून तर थोडीच गेली.”

खाली अजून एक ओळ होती. “चहा घे. डोकं दुखून चिडचिड करतेस.”

मी नाही घेतला. संकल्प म्हणजे संकल्प.

* * *

औषधाआधी दोन आठवड्यांचं पथ्य. आयोडीनचं मीठ नाही, दूध नाही, मासळी नाही. कागद वाचून वहिनींनी पाटीवर लिहिलं, “मग नवीन काय?” जन्मभर शेंदेलोण घालून उपास केलेल्या बाईला कसलं आलंय पथ्य!

खरी मजा औषधानंतर. अंगातून किरणं येतात म्हणून हॉस्पिटलातून आल्यावरही काही दिवस वेगळं राहायचं. ताट वेगळं, अंथरूण वेगळं, कोणी जवळ जायचं नाही. मागची खोली दिली. नाना उंबऱ्याबाहेर ताट ठेवायचे आणि पाच पावलं मागे सरायचे.

नेमकी तेव्हा जनाबाई सुकटीची पिशवी घेऊन आली. बघते तर माईवहिनी कोपऱ्यात चटईवर, वेगळा तांब्या, वेगळं भांडं, आणि नाना भाताचं ताट आणून ठेवतायत. तिने मला खुणेनेच विचारलं. मीही सवयीने बोलून गेले, “चार दिवस शिवायचं नाही.”

जनाबाईने वहिनींकडे बघितलं. मग नानांकडे बघितलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली,

“लय भारी औषद हाय गो. मनापन लिहून दे.”

* * *

सहा महिन्यांनी स्कॅनला गेलो. तोवर वहिनींचा आवाज म्हणजे बिघडलेल्या रेडिओची खरखर. मंडळात त्या नुसत्या टाळ धरायच्या. मारुतीचे पुजारी एकदा विचारून गेले होते, की मंडळ बंद झालं का.

जाताना गाडीत मी जप करत होते. मध्येच वहिनींनी माझी माळ धरून थांबवली आणि खरखरत विचारलं, “या वेळी काय मागितलंयस?”

“बाहेर काही नसू दे, असं.”

“दोनदा तपासलंस ना?”

डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. वरपासून खालपर्यंत बघितली, पुन्हा खालून वर बघितली. मला तेवढ्यात सगळी स्तोत्रं अर्धी अर्धी म्हणून झाली. मग ते वळले.

“बाहेर काही नाही. कुठेच नाही.”

माईवहिनींनी नमस्कार केला. पुढची तारीख घ्यायला आम्ही खाली आलो, आणि इतक्या वेळा येऊनही पुन्हा त्याच चुकीच्या रांगेत उभ्या राहिलो. खिडकीत तोच माणूस. मान खाली.

“बाहेरच्या का?”

माईवहिनींनी जाळीशी तोंड नेलं. आधी थोडी खरखर झाली. मग कुठूनसा तो आवाज आला, लूमच्या वर जाणारा, मारुतीच्या देवळापर्यंतचा. अख्खा हॉल वळून बघायला लागला.

“नाही! बाहेर काही नाही! कुठेच नाही!”