खुलासेबाईंनी परत ठेवलेलं काम

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे खुलासेबाई म्हणतात. पाठीमागे नाही, तोंडावर. त्यांनाही त्याचं काही वाटत नाही. त्या मजकूर लिहितात, मी त्यासोबतच्या आकृत्या काढतो, म्हणून आमची टेबलं शेजारी.

बाईंनी आयुष्यभर माहितीपुस्तिका लिहिल्या. मिक्सरच्या, शिलाई मशीनच्या, कपडे धुण्याच्या मशीनच्या. आपण खोक्यातून काढून थेट ड्रॉवरमध्ये कोंबतो ना, त्या. कुणी वाचत नाही हे पक्कं ठाऊक असूनही 'झाकण घट्ट लावा' हे वाक्य त्या अशा काळजीने लिहायच्या, जणू घरातलंच कुणी मिक्सर लावणार आहे.

मग हे नवीन काम आलं. संगणकात माणसाऐवजी कामं उरकणारे एआय एजंट असतात. त्यांच्या कामांची यादी सांभाळणारं एक साधन आमच्या कंपनीने बनवलं. एजंट यादीतलं एखादं काम उचलतो, त्यावर त्याचं नाव लागतं, आणि उरकलं की तो तशी खूण करतो. एकाचं नाव लागलं की दुसरा त्या कामाला हात लावत नाही. हे साधन कसं वापरायचं ते बाईंनी लिहायचं होतं.

"म्हणजे आता वाचणारंही यंत्रच," मी चिडवलं.

"बरंय की. निदान कुणीतरी शेवटपर्यंत वाचेल."

बाईंचं खरं दुखणं वेगळंच होतं. उजवा गुडघा पार कामातून गेला होता. जिना चढताना त्या प्रत्येक मजल्यावर थांबायच्या आणि नोटीस बोर्ड वाचल्याचं सोंग करायच्या. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं, आणि आता टाळलंत तर पुढे काठीशिवाय चालणं विसरा, असंही बजावलं होतं. पण तारीख मिळाली की बाई ती पुढे ढकलायच्या. घरी म्हातारे वडील, तेही विसरभोळे. त्यांचं कोण बघणार?

धाकटा भाऊ शहरातच राहतो, चांगला ठणठणीत आहे. रविवारी फळं घेऊन यायचा, वडिलांशी गप्पा मारायचा आणि निघताना म्हणायचा, "ताई आहे म्हणून मी निर्धास्त." हे ऐकूनच माझं डोकं फिरायचं. एकदा मी बोललोसुद्धा.

"त्याचं काय चुकलं?" बाई म्हणाल्या. "मी कुठे काय बोलले त्याला?" तिथेच त्यांनी विषय मिटवला.

साधन स्वतः वापरून पाहिल्याशिवाय बाई एक ओळ लिहीत नाहीत. एके दिवशी त्यांनी यादीतलं एक काम आपल्या नावावर घेतलं, आणि तेवढ्यात शेजारणीचा फोन आला. वडील बाथरूममध्ये घसरले होते. बाई पर्स उचलून तशाच निघाल्या. नशीब, हाड मोडलं नव्हतं. दोन दिवसांनी परत आल्या, तर टोपीवाला डोक्याला हात लावून बसलेला. हे साधन बनवणारा प्रोग्रॅमर तो. एसीतही टोपी काढत नाही.

"मॅडम, ते काम तुमच्या नावावर अडकलंय. त्यावर अवलंबून असलेली मागची सगळी खोळंबलीत."

"मग दुसऱ्या कुणी का नाही घेतलं?"

"कसं घेतील? नाव तुमचं आहे. त्यांना वाटतंय, तुम्ही करताय."

"अहो, मी इथे नव्हतेच."

"तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना कसं कळणार?"

बाई खुर्चीत बसल्या आणि कितीतरी वेळ गुडघा चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "घेतलेलं काम परत ठेवता येतं?"

"येतं की, साधनात तशी आज्ञा आहे. काय झालं, काय राहिलं ते दोन ओळींत लिहायचं, म्हणजे पुढच्याला पहिल्यापासून सुरुवात नको. आपण ते कुठे लिहिलंच नाही. राहून गेलं."

दुपारभर बाई तेवढं एकच पान लिहीत होत्या. शेवटी त्यांनी लिहिलं होतं, 'काम परत ठेवणे म्हणजे हार मानणे नव्हे.' साहेबांनी ते वाक्य खोडलं. यंत्रांची कसली समजूत घालता, म्हणाले. साहेबांचं बरोबरच होतं, तरी मला राग आला.

"खोडू दे," बाई म्हणाल्या. "माझं लिहून झालंय."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत भाऊ ऑफिसात आला. बाईंनीच बोलावलं होतं. मी उठू लागलो तर म्हणाल्या, "बसा हो." धीर हवा असावा.

"सोमवारी माझं गुडघ्याचं ऑपरेशन आहे," त्या भावाला म्हणाल्या. "बाबांना तुझ्याकडे ने."

"ऑपरेशन? अगं, मला कधी बोलली नाहीस. मला वाटलं, तुझं सगळं नीट चाललंय."

"मीच तसं वाटू दिलं. आता जमत नाही मला. ऐक. सकाळची गोळी चहाच्या आधी. कपाळावर आठ्या दिसल्या की पाय दुखतायत असं समज, ते स्वतःहून सांगत नाहीत. संध्याकाळी मला आईच्या नावाने हाक मारतात. तुलाही मारतील. चूक दाखवू नकोस, नुसती ओ दे."

बाईंचा आवाज जराही कापला नाही. मिक्सरचं झाकण समजावून सांगावं तसं सगळं क्रमाने चाललं होतं. आता हा सबबी सांगणार, म्हणून मी मनातल्या मनात बाह्या सरसावून बसलो होतो. तो मान खाली घालून ऐकत राहिला.

"दाढी कोण करतं त्यांची?" त्याने विचारलं.

"मी."

"साबण कुठला लावतेस?"

बाईंनी पदराने डोळे पुसले, ते पुन्हा भरले. भाऊ उठून त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला आणि खांद्यावर हात ठेवून थांबला. साबणाचं नाव सांगण्याआधी खुलासेबाई बराच वेळ रडल्या.