लागू पडलेलं नाव

अंगणवाडी झाडून झाली की मावशी दाराशी केराची रास करायच्या, तिला दोन बोटं लावायच्या आणि कपाळाला न्यायच्या. पासली गावात मी अंगणवाडीची नवीन बाई म्हणून रुजू झाले, तेव्हा पहिल्याच दिवशी विचारलं, "अहो, हे काय?"

"माजं म्हायेर हाय त्ये," म्हणाल्या.

मावशी आमच्या मदतनीस. हजेरीवर नाव केराबाई. असलं नाव ऐकून तुम्हीही कधी मनातल्या मनात हसला असाल. मी तर तोंडावर हसले. मग त्यांनीच सांगितलं. त्यांच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेलेली. चौथ्या खेपेला या झाल्या, तसं सुईणीनं उचलून केरावर ठेवलं. "कुनी टाकलीय गं ही?" म्हणत शेजारणीनं उचललं आणि परत आईच्याच ओटीत घातलं. टाकून दिलेल्या पोरीकडं मरण कशाला बघतंय! म्हणून नाव केरा.

"साठी गाठली म्या. लागू पडलं का न्हाई?" असं म्हणून खो-खो हसायच्या.

त्यांना नात झाली ती सातव्याच महिन्यात. वजनाच्या झोळीत घातली तर दिसायचीसुद्धा नाही. मुलगा मोबाईलवर नावं शोधत होता, सुनेला बारसं थाटात करायचं होतं. मावशींचा मात्र एकच धोशा. "माजं नाव लावा तिला. आजच."

सून मला म्हणाली, "मॅडम, तुमीच सांगा ओ आईंना."

आणि मी मोठी शहाणी! म्हणाले, "मावशी, उद्या पोरगी कॉलेजात जाईल. तिला काय केराबाई म्हणून हाक मारायची?"

सगळे हसले. मावशीही पदर तोंडाला लावून हसल्या. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

विसाव्या दिवशी, भोरच्या दवाखान्यात नेताना, पोर टेम्पोतच मावशींच्या मांडीवर गेली. बारसं व्हायचंच होतं.

नावानं काही ती वाचली नसती. हे मला कळतं, तुम्हालाही कळतं. पण त्या बाईजवळ एकच औषध होतं, स्वतःवर गुण आलेलं, आणि मी ते हसण्यावारी नेलं. अजून जीव जळतो माझा.

आठवड्यानं त्या कामावर आल्या. मी कुटुंबांची नोंदवही उघडून बसले होते. त्यांच्या घराच्या पानावर नुसतंच 'मुलगी' लिहिलेलं. मावशी शेजारी टेकल्या.

"बाई, आता तरी लिवा माजं नाव. आता कोन हसतंय?"

मी लिहिलं. मला रडू आवरेना, तर त्याच माझ्या पाठीवरून हात फिरवत बसल्या. "ऱ्हाऊ द्या. तुमी तिच्या चांगल्याचंच बोलला." मग उठून झाडू घेतला. त्या दिवसापासून केराला बोटं लावणं मात्र त्यांनी सोडलं.

गेल्या माघात मावशीही गेल्या. नोंदवहीत त्यांच्या घराच्या पानावर आता केराबाई दोन आहेत. वयाच्या रकान्यात एकीचं बासष्ट वर्षं, एकीचं वीस दिवस. दोघींपुढं 'मयत' मीच लिहिलंय.