एकशे तेरा पावलांचे वळण

आमच्या गावापासून बदनापूर स्टेशनापर्यंत जुन्या गाडीवाटेने सात हजार सहाशे चाळीस पावले भरत. हा आकडा अंदाजाचा नाही. मी तो तीनदा मोजला आणि तिन्ही वेळा फरक वीस पावलांच्या आत राहिला. ती वाट गावातून निघून आधी ओढ्याकडे जाई, बराच वेळ ओढ्याच्या कडेने रेंगाळे आणि मग स्टेशनाची आठवण झाल्यासारखी वळे. गावातून पाहिले तर स्टेशन समोर दिसायचे. इंजिनाचा धूरही दिसायचा. पोचायला मात्र सव्वा तास लागे.

मला तिथे रोज पोचावे लागे. जालन्याच्या एका जिनिंगमध्ये मी कापसाच्या गाठी मोजण्याच्या कामावर होतो. सकाळची गाडी मिळाली तरच भोंग्याच्या आत हजेरी लागायची. मुनीमजींनी पहिल्याच दिवशी नियम सांगून ठेवला होता, की एका हंगामात तीनदा उशीर झाला तर चौथ्या दिवशी यायची तसदी घेऊ नये. माझ्या आधीच्या माणसाने हा नियम खोटा मानला होता, म्हणून तर ती जागा मला मिळाली. घरी आई, बायको, तीन मुली आणि मुरमाड जमिनीचा एक तुकडा. ती नोकरी गेली असती तर त्या तुकड्यावर पाच जणांचेही भागले नसते, मग सहा जणांचे कुठले?

मी जालन्याहून एक जुनी सायकल आणली. गावातली ती पहिली सायकल. पण गाडीवाटेच्या चाकोऱ्यांत ती चालवण्यापेक्षा खांद्यावर घेऊन जाणे सोपे पडे, आणि मी बरेचदा तेच करत असे. लोक म्हणायचे, "सायकल ह्याच्यावर बसून राह्यली."

शेवटी चावडीवर बैठक झाली. बाजाराला जाणाऱ्या बायांना, दवाखान्यात जाणाऱ्यांना, सगळ्यांनाच सरळ वाट पाहिजे होती. मधल्या शेतांच्या मालकांनी प्रत्येकी तीन हात रुंदीची पट्टी सोडायचे कबूल केले. माणूस आणि सायकल जाईल, बैलगाडी जाणार नाही, एवढीच रुंदी. प्रश्न उरला रेघ कोणी ओढायची. मी म्हणालो, दोरी आणि खुंट्या घेऊन मी आखून देतो.

पाटील म्हणाले, "दोरी कशाला? काका हायेत ना."

काका म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. नांगराची रेघ, जिला आम्ही तास म्हणतो, ती त्यांच्याइतकी सरळ पंचक्रोशीत कोणाची नव्हती. त्यांची रीत एकच होती. दोन बैलांच्या मधून समोर लांबची एखादी खूण धरायची आणि शेवटपर्यंत नजर तिच्यावरून काढायची नाही. खाली बघायचे नाही, मागे बघायचे नाही, कोणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. "तास पायानं न्हाई पडत, डोळ्यानं पडतं," असे ते म्हणत. त्या वेळी त्यांचे वय साठीच्या पुढे होते आणि त्यांचे डोळेही त्याच वयाचे होते, हा विचार बैठकीत कोणाच्या मनात आला नाही. माझ्याही नाही.

पेरणीच्या आधी, शेते मोकळी असताना, एका सकाळी औत जुंपले. नारळ फुटला. काकांनी समोर पाहिले आणि म्हणाले, "टेसनाच्या मालधक्क्याचं काळं छप्पर धरलं बघा. आता कोणी मधी यिऊ नका." पुढे काका, त्यांच्यामागे कुदळी-फावडी घेऊन बांध फोडणारे आठ जण, आणि सर्वांत मागे मी, पावले मोजत. मोजताना माझीही एक रीत आहे. मी मान खाली घालतो आणि कोणाशी बोलत नाही.

तीन हजार पावलांपर्यंत सगळे उत्तम चालले होते. त्या सुमारास इंजिनाची शिटी झाली. शिटी रोजच होते, म्हणून कोणी लक्ष दिले नाही. बांध फोडणारे खाली वाकलेले होते, मी खाली पाहत होतो आणि काका समोर पाहत होते. तीन हजार दोनशेव्या पावलाला बैल थांबले, कारण समोर धनगरांच्या मेंढवाड्याच्या काटेरी कुंपणाची भिंत आली होती. आता भाकरी खाऊन घेऊ म्हणून मी मान वर केली. स्टेशन समोर नव्हते. ते माझ्या डाव्या खांद्याकडे होते. समोर, लांब जालन्याच्या बाजूला, एक मालगाडी धूर सोडत चालली होती आणि तिच्या शेवटी एक काळा डबा होता.

मग सगळा उलगडा झाला. सकाळी धक्क्याला लागून कापसाचा एक डबा उभा होता. काकांनी छप्पर म्हणून धरला तो डबा. मालगाडीने तो जोडून घेतला आणि नेला, आणि काकांनी नजर न काढता त्याच्यामागे दोनशे पावले औत हाकले होते. मेंढवाडा मध्ये आला नसता तर संध्याकाळपर्यंत आम्ही सगळे जालन्यात असतो.

मी म्हणालो, "काका, तास वाकडं गेलं."

काकांनी मागे वळून पाहिले. मग कपाळ पुसून म्हणाले, "माझं तास सरळ हाय. टेसन हाललं."

यावर कोणी हसले नाही, कारण त्यांच्यासमोर हसायची कोणाची छाती नव्हती. भाकरी खाऊन झाल्यावर त्यांनी स्टेशनाजवळच्या लिंबाची खूण धरली आणि उरलेली वाट बाणासारखी सरळ नेली. मी परत सुरुवातीपासून आखायचा विषय काढला, तर पाटील म्हणाले की हद्दीसाठी एकदा तास पडले, नारळ फुटला, की ते बुजवायचे नसते, बुजवले तर भांडणे निघतात. शिवाय वळण कोणाच्या शेतातून जात नव्हते. ते पडीक जमिनीवर होते, म्हणून कुरकुर करणारा मी एकटाच उरलो. दुसऱ्या दिवशी मी सरळ रेषेत चालून पाहिले. चार हजार दोनशे पावले. नव्या वाटेने चार हजार तीनशे तेरा. म्हणजे एकशे तेरा पावले फुकट.

बायको म्हणाली, "अहो, सायकलवर एकशे तेरा पावलांना कितीसा वेळ लागतो?"

"अर्धा मिनिट."

"मंग अर्धा मिनिट आधी निघत जा."

मी तिला समजावले की लवकर निघणे हा माझा प्रश्न आहे आणि वाट वाकडी असणे हा वाटेचा. तिने भाकरी थापायला घेतली.

खरा त्रास पावलांचा नव्हता, कुत्र्यांचा होता. वाट आता मेंढवाड्याच्या दारावरून जात होती. तिथे एक धनगर म्हातारी, तिची मेंढरे, एक तट्टू आणि चार कुत्री राहत. त्या कुत्र्यांना चालणाऱ्या माणसाशी काही वैर नव्हते. सायकल मात्र त्यांना मान्य नव्हती. दिवाळीनंतर जिनिंगचा हंगाम सुरू झाला आणि रोज सकाळी तेवढ्या जागी मी दोन्ही पाय दांडीवर घेऊन जाऊ लागलो. म्हातारी कुंपणाआडून म्हणायची, "भिऊ नको बापू, चावत न्हाईत. नुसतं बघून राह्यलेत."

हंगामातला पहिला उशीर साखळी निसटल्यामुळे झाला. दुसरा कुत्र्यांमुळे. त्यांनी मला वाटेवरून ज्वारीत घातले आणि ज्वारीतून बाहेर येईपर्यंत गाडी गेली होती. मुनीमजींनी हजेरीच्या वहीत दुसरी फुली मारली आणि वही माझ्याकडे फिरवून दाखवली. मला त्यांचे बोलणे परवडले असते.

त्याच संध्याकाळी मी पाटलांना सांगितले की वळण काढून वाट सरळ करावी, मी आकडे घेऊन चावडीवर येतो. आठवड्यानंतरची संध्याकाळ ठरली. आपली बाजू पक्की असावी म्हणून एका सुट्टीच्या सकाळी मी वळणाजवळ बसून जाणारी-येणारी माणसे मोजली. एकेचाळीस माणसे गेली. त्यातली एकोणतीस म्हातारीच्या दाराशी थांबली, तिच्या रांजणातले पाणी प्याली आणि बाभळीखाली बसली. हा आकडा माझ्या उपयोगाचा नव्हता, पण लिहून ठेवला.

बैठकीच्याच दिवशी सकाळी, बरोबर मेंढवाड्यासमोर, मागच्या चाकात बाभळीचा काटा गेला. हवा सुटल्याचा आवाज ऐकून कुत्रीसुद्धा गप्प झाली. स्टेशन अजून अकराशेवर पावले लांब, आणि पलीकडच्या अंगाला गाडीचा धूर दिसू लागलेला. मी सायकल धरून तसाच उभा राहिलो. त्या क्षणी मला मुनीमजींची वही, तिसरी फुली आणि घरातली सहा माणसे एवढेच दिसत होते.

म्हातारी बाहेर आली. तिने चाक पाहिले, धूर पाहिला आणि मला पाहिले.

"सायकल ठिव हितं. घोड्यावर बस."

"आजी, मला घोडं येत न्हाई."

"त्याला येतं की. टेसनावर धक्क्यापाशी सरकी सांडती, ती खायला रोज पळून जातं. आज तुला घिऊन जाईल. बस जल्दी."

ते तट्टू इतके बुटके होते की बसल्यावर माझे पाय जमिनीपासून वीतभरच वर राहिले. पाठीवर खोगीर नव्हते, घोंगडे होते. म्हातारीने त्याच्या ढुंगणावर एक चापट दिली आणि मी त्याच्या मानेला मिठी मारली. पुढची पावले मी मोजू शकलो नाही. त्या वाटेवर मोजणी चुकली ती तेवढीच. चारही कुत्री शेजारून धावत होती, पण आता त्यांच्या वागण्यात फरक होता. मी त्यांच्या घोड्यावर होतो, म्हणजे त्यांच्यातलाच होतो.

गाडी उभी होती. फलाटावरची माणसे एका बाजूला झाली. गार्डने झेंडी वर केली होती, ती तशीच हातात धरून तो पाहत राहिला. मला वाटते, त्याला पुढे काय होते ते बघायचे असावे. तट्टू गाडीकडे न पाहता सरळ मालधक्क्यावर सरकीपाशी जाऊन थांबले. मी उतरलो, म्हणजे घसरलो, आणि शेवटच्या डब्यात चढलो. डबा भरलेला होता, तरी माझ्या आजूबाजूला लगेच जागा झाली.

जिनिंगमध्ये भोंग्याच्या तीन मिनिटे आधी पोचलो. मुनीमजींनी घड्याळ पाहिले, मग नाकाला उपरणे लावले.

"वेळेवर आलास हे बराबर आहे. पण इथं गाठी मोजतात, मेंढरं नाही."

फुली पडली नाही.

संध्याकाळी चावडीवर मी कागद वाचला. सरळ वाट चार हजार दोनशे, वळणाची चार हजार तीनशे तेरा, फरक एकशे तेरा. कोणीतरी विचारले, सायकलीनं किती येळ? मी अर्धा मिनिट सांगितले. मागे हशा पिकला. मग थांबणाऱ्या एकोणतीस माणसांचा आकडा वाचला. तो वगळता आला असता, पण माझ्या कागदावर होता. काका भिंतीला टेकून जमिनीकडे पाहत बसले होते. एरवी बैठकीत सर्वांत जास्त बोलणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांनी तंबाखूसुद्धा मळली नाही.

"आणखी एक राहिलं," मी म्हणालो आणि सकाळची हकिगत सांगितली, घोड्यासकट. वाट सरळ असती तर काटा मोडल्यावर मी मोकळ्या रानात उभा असतो, म्हातारीच्या दारात नाही, आणि उद्यापासून घरी असतो. हेही सांगितले, कारण ते खरे होते.

पाटलांनी विचारले, "मंग वाट सरळ करायची का न्हाई?"

"नको."

"मंग बैठक कशापायी बलिवली?"

मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. लोक घोड्याविषयी बोलत उठले. पुढे बरेच दिवस तोच विषय चालला.

घरी जाताना काका माझ्याबरोबर चालू लागले. मारुतीच्या पारापर्यंत तंबाखू मळत आले. मग थांबून हळू आवाजात म्हणाले, "खरं सांग. त्या दिशी टेसन न्हाई, डबाच हालला व्हता ना?"

"डबाच, काका."

"मला भाकर खातानाच कळलं व्हतं." ते थोडे पुढे गेले आणि परत वळले. "पर तू तर माझ्या मागं चालून राह्यला व्हतास. तुझे डोळे तरणे. एकदा मान वर करून बघायला काय झाल्तं तुला?"

मी म्हणालो, "वर बघितलं असतं तर मोजणी चुकली असती."