जाऊन राहिलेली गाडी

"आत्या, बाबा जाऊन राहिले."

समताचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, आमच्या स्वयंपाकघरात उभी होते. समता माझ्या थोरल्या भावाची मुलगी, जन्माने आणि पासपोर्टाने इंग्लंडची. फोन स्पीकरवर होता. माझा नवरा विनय पक्का पुणेरी. तो चहाचा कप खाली ठेवत म्हणाला, "कुठे जाऊन राहिले? भाऊंनी घर बदललं का?"

मी गॅस बंद केला आणि कपाटातून बॅग काढली.

आमच्या नागपूरकडे 'जाऊन राहिले' म्हणजे जात आहेत, जाणं चालू आहे. पुण्याच्या माणसाला त्यात माणूस कुठेतरी जातो आणि तिथे मुक्काम करतो. मी मराठीची एम.ए., आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. वर्गात प्रमाणभाषा बोलते, कारण त्याचा पगार मिळतो. आमच्या बोलीची लाज मला कधी वाटली नाही. म्हणून त्या वाक्याचा अर्थ मला उलगडून सांगावा लागला नाही. मला प्रश्न पडला तो वेगळाच. इंग्लंडात वाढलेल्या, एरवी 'माझा कार' आणि 'तो भाजी' म्हणणाऱ्या या मुलीने आमचा हा काळ उचलला कुठून?

आदल्या वर्षी भाऊकडे जाऊ म्हणून काढलेला व्हिसा अजून चालू होता. जाणं मात्र राहून गेलं होतं.

हीथ्रोला उतरले तेव्हा नोव्हेंबरचं आभाळ विमानतळाच्या छपराला टेकलं होतं. समता दारातच उभी होती. अंगावर मालवाहतुकीच्या कंपनीचं पिवळं जॅकेट, डोळे सुजलेले.

"आत्या, जय भीम. तुझा बॅग एकच?"

"एकच. भाऊ कसा आहे?"

"डोळा उघडतो. बोलत नाही. स्ट्रोक लेफ्ट साइडला आहे ना, बोलणं सगळा गेला." गाडीकडे जाताना ती म्हणाली, "डॉक्टर म्हणाली, वीकेंडपर्यंत."

वाटेत हाउन्सलोला तिच्या घरी तोंड धुवायला थांबलो. दुसऱ्या मजल्यावरची एक खोली. दर थोड्या वेळाने विमान छपरावरून असं जायचं की कपातला चहा थरथरे. तिने मला टोस्ट आणि बीन्स दिले. बीन्सवर तिने डबीतून लाल तिखट भुरभुरलं. आमच्या नागपूरकडचं भिवापुरी तिखट होतं ते. भाऊ तिला दर महिन्याला एक डबी भरून देत असे.

मी हाउन्सलो पाहिलं म्हणजे एवढंच. भाज्यांच्या दुकानातली मेथी, बसथांब्यावर उभ्या आपल्यासारख्याच दिसणाऱ्या बायका आणि ते विमानांचं पोट. प्रवासवर्णन लिहायचं तर राजवाडा, नदी, पूल यायला हवेत. ते मी पाहिले नाहीत.

मग साउथहॅम्प्टनला, भाऊच्या हॉस्पिटलकडे निघालो. बेसिंगस्टोकच्या अलीकडे मोटरवेवर पुढे कुठे तरी अपघात झाला होता आणि तिन्ही लेन थिजल्या. पावसाची भुरभुर, पुढे लाल दिव्यांची रांग. समता स्टिअरिंगवर मूठ आपटत राहिली. मग अचानक, काच पुसत, पुढच्या ट्रककडे बघून ओरडली:

"सरका बे पोट्टेहो, गाडी जाऊन राहिली!" (पोट्टे म्हणजे पोरं.)

मी तिच्याकडे पाहतच राहिले. लिंग, वचन, हेल, सगळं जागच्या जागी. उमरेड रोडवरच्या माणसाने ओरडावं तसं.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"फिल्ममधला आहे."

"कुठली फिल्म?"

"पपेट्सची. नॉर्वेची." ती हसली. त्या प्रवासात तेवढीच काय ती हसली.

मग त्या थिजलेल्या रस्त्यावर तिने मला सांगितलं. भाऊ दहावीनंतर थांबला म्हणून मी पुढे शिकले, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. आयटीआय करून तो फिटर झाला, जहाजावर लागला. एक जहाज नॉर्वेवाल्यांचं होतं. ते खलाशी दर ख्रिसमसला जेवणघरात एकच जुना सिनेमा लावत: डोंगरावरचं एक गाव, तिथले बाहुले आणि त्यांनी आपल्या हातांनी बनवलेली शर्यतीची गाडी. दाढीवाली दांडगी माणसं पोरांसारखी हसत. जहाज सोडताना त्यांनी भाऊला ती कॅसेट भेट दिली. पुढे भाऊ साउथहॅम्प्टनच्या गोदीत लागला, लग्न झालं, समता झाली, तिची आई लवकर गेली. रविवारी बापलेक कॅसेट लावून बसत.

"आवाज बंद करायचे बाबा. म्हणायचे, मला नॉर्वेजियन येतो, मी सांगतो. आणि सगळ्या पपेट्सचा ते बोलायचे. एक म्हातारा पपेट होता, तो सारखा 'मले जेवू दे ना बे' म्हणायचा. मी युनिव्हर्सिटीत गेली तेव्हा सबटायटल लावून बघितला. आत्या, स्टोरी पूर्ण वेगळा! बाबांना एक शब्द नॉर्वेजियन येत नव्हता."

"मग काय सांगत होता तो?"

"काय माहीत. म्हातारा गाडीपुढे चालायचा, दगड बाजूला करायचा, पोरांना ओरडायचा…"

मला तेव्हा समजलं. आमचा बा रस्त्याच्या कामावर रोलरचा क्लीनर होता. रोलर माणसाच्या चालीने चाले आणि बा त्याच्या पुढे, खडी सारखी करत, आम्हा पोरांना हाकलत. सरका बे पोट्टेहो, गाडी जाऊन राहिली. भाऊने नॉर्वेच्या बाहुल्यांच्या तोंडी आमचा बा घातला होता. समताने आपल्या आजोबाला कधी पाहिलं नव्हतं. पण त्याचा आवाज तिने पाठ केला होता.

"मग तुझ्याशी असं बोलणं त्याने बंद का केलं?"

पुढची गाडी एक हात सरकली, थांबली. आम्हीही एक हात सरकलो, थांबलो.

"मी नऊ वर्षांची होती. इथल्या मराठी मंडळाचा दिवाळी प्रोग्रॅम. एका काकूने विचारलं, काय करतेस बाळ? मी म्हटलं, जेवून राहिली. सगळे हसले. काकू म्हणाली, जेवून राहिलीस? कुठे राहिलीस गं? आणि तुमच्याकडे असंच बोलतात का, असं बाबांना विचारलं. बाबांनी प्लेट खाली ठेवली. त्यानंतर फिल्म नाही. माझ्याशी फक्त इंग्लिश. एप्रिलला जयंतीला जायचो आम्ही, तिथेपण माझ्याशी इंग्लिश."

मला त्या काकूचा पत्ता हवा होता. मी तसं बोलूनही दाखवलं. समता म्हणाली, "मेली ती." आणि गिअर टाकला.

"मला एकच गोष्ट पाहिजे, आत्या. फिल्मचा शेवट. गाडी घरी येते, थांबते, तिथे बाबा काहीतरी बोलायचे. मी दर वेळी त्याआधी झोपायची. तो मी कधीच ऐकला नाही. मागच्या महिन्यात विचारणार होती. फोनवर नको म्हटलं, भेटल्यावर विचारू."

बेसिंगस्टोकच्या पुढे एका थांब्यावर आम्ही चीज-कांद्याची पेस्ट्री घेतली, बाहेरून विस्तव आणि आत बर्फ. दोघींनीही ती टाकून दिली.

हॉस्पिटलात भाऊ खिडकीजवळ होता. मी चार वर्षांनी पाहत होते. फिटरचे ते पंजे चादरीवर कुणीतरी ठेवून दिल्यासारखे पडले होते. डोळे अर्धे उघडे. मी म्हटलं, "भाऊ, मी आली." काही नाही. समताने उशाखालून छोटा कंगवा काढला आणि त्याचा भांग पाडला, मग मोडला, मग पुन्हा पाडला.

डॉक्टर तिशीची मुलगी, कोथरूडची निघाली. मला बघून मराठीत बोलू लागली. समताने तिला विचारलं, "बाबा जाऊन राहिले ना?"

डॉक्टर दचकली. तिने यंत्राकडे पाहिलं, मग हळूच म्हणाली, "नाही, नाही. अजून गेले नाहीत."

"मग मी तेच म्हणते!" समता जवळजवळ ओरडलीच. "गेले नाही. जाऊन राहिले!"

शेजारच्या खाटेवरच्या गोऱ्या आजोबांनी मान वर केली. मी डॉक्टरला बोलीचा खुलासा केला. वर्गात करते तसाच, कोरडा. तिने ऐकून घेतलं, भाऊच्या मनगटावर हात ठेवला आणि समताकडे पाहून म्हणाली, "हो. जाऊन राहिलेत."

पुण्याच्या कुणी आमची बोली आमच्यावर न हसता उच्चारलेली मी प्रथमच ऐकली. अशा वाक्यासाठी ती ऐकावी लागेल, असं वाटलं नव्हतं.

दुपारी समताने टॅब्लेट पलंगाच्या टेबलावर उभा केला. सिनेमा लावला, आवाज बंद केला.

"आत्या, तू बोल."

"मला गोष्ट माहीत नाही."

"बाबांना कुठे होती?"

मी बोलू लागले. पहिली काही वाक्यं भाषणासारखी झाली. मग म्हातारा बाहुला गाडीपुढे आला आणि माझ्या तोंडून बा निघाला. "अबे सरक ना! तुह्या बापानं पाह्यली होती का अशी गाडी?" समता पुढची वाक्यं माझ्याआधीच म्हणू लागली. बाहुल्यांचे केस सारखे थरथरत होते. मी विचारलं, वारा दाखवलाय का? समता म्हणाली, "नाही. फिल्म असा बनतो: प्रत्येक फोटोला पपेट थोडी हलवायची, सोडायची, फोटो. परत थोडी हलवायची. दर वेळी हात लागतो, म्हणून केस हलतात. लोकं म्हणतात चूक आहे. मला तेच आवडतो."

म्हणजे ती गाडी शर्यतीत कितीही सुसाट धावली तरी खरं तर सरकत होती आणि थांबत होती, सरकत होती आणि थांबत होती. मी आयुष्यभर व्याकरण शिकवलं, पण 'जाऊन राहिली' हा काळ डोळ्यांनी पाहिला तो तिथे.

शेवट आला. गाडी घरापुढे येऊन थांबली. समताने माझा हात धरला. पडद्यावर सगळं स्थिर.

"इथे, आत्या. इथे काय बोलायचे?"

मी भाऊकडे पाहिलं. डोळे तसेच अर्धे, पडद्याकडे की भिंतीकडे, सांगता येणार नाही. ओठ हलले असं मी लिहू शकले असते. ते हलले नाहीत.

मला एवढंच आठवत होतं की संध्याकाळी रोलर उभा केला की बा चाकाखाली दगड लावायचा, लोखंडावर हात फिरवायचा आणि रोज एकच वाक्य म्हणायचा. मी भाऊच्या कपाळावर हात ठेवला.

"झोप आता, माय. सकाळी पाहू."

"हेच होतं?" समताने विचारलं.

"माहीत नाही. आमचा बा रोलरले असंच म्हणे."

सिनेमा संपून पडदा काळा झाला होता, त्यात आम्हा तिघांची तोंडं दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊच्या घरी मी चहा करत होते. त्याच्या गल्लीच्या टोकाला गोदीत एक पर्यटकांचं जहाज उभं होतं, इमारतीएवढं पांढरं, आणि त्याच्या डेकवर लोक नाश्ता करत होते. समताचा फोन वाजला. तिने ऐकलं, ठेवला, माझ्याकडे वळली.

"आत्या, बाबा गेले."

या वेळी तिच्या मराठीत एकही चूक नव्हती.

अंत्यविधीला विहारातली थोडी माणसं, गोदीतले दोन म्हातारे गोरे, आणि आम्ही. त्रिसरण-पंचशील समताने म्हटलं. सगळं अर्ध्या तासात उरकावं लागलं, मागे दुसऱ्या अंत्यविधीची गाडी उभी होती. परतताना हीथ्रोला तिने मला घट्ट धरलं आणि तिखटाचा निम्मा डबा माझ्या पिशवीत कोंबला. मी म्हटलं, अगं, मी नागपूरची, मला काय देतेस? ती म्हणाली, "बाबांच्या हातचा आहे." सुरक्षातपासणीत तो डबा त्यांनी काढून ठेवला. मी भांडले. उपयोग झाला नाही.

पुण्यात आल्यावर मी तो सिनेमा आवाजासकट पाहिला. नॉर्वेच्या भाषेत बाहुले काय म्हणतात ते मला कळलं नाही, सबटायटल मी लावली नाहीत. इतकी वर्षं लोक तो का पाहतात हे मात्र कळलं. केसांवर कुणाचा तरी हात अजून फिरत असतो. तो हात कधीचाच गेलेला असेल, आणि केस हलतच राहतात.

परवा रविवारी मी समताला फोन केला. पलीकडे विमान गेलं, मग चमच्याचा आवाज.

"काय करून राहिली वो?" मी विचारलं.

ती जरा थांबली. तोंडात घास असावा.

"जेवून राहिली," ती म्हणाली.

विनय शेजारीच बसला होता. त्याने 'कुठे?' असं विचारलं नाही.