कुसुमचा चेक मूर्तिजापूरला उतरला नाही

लग्नाच्या पंगतीत बसलो की शेजारचा हमखास विचारतो, "तुम्ही बँकेत होता ना? मग सांगा, चेक वटायला इतके दिवस का लागतात?" आता काय सांगणार! उभी हयात अकोल्याच्या आमच्या शाखेत चेकच्या टेबलावर गेली, पण खरं सांगतो, मलाही ते नीट कळलेलं नाही. उत्तर नसलं की माणूस किस्से सांगतो, तसे माझ्याजवळ हे साठत गेले. त्यातले बरेचसे एकाच पावसाळ्याच्या तोंडाचे आहेत, कारण तेव्हा आमच्या बाकावर इंगळेभाऊ येऊन बसायचे.

* * *

इंगळेभाऊ जिनिंग फॅक्टरीत फिटर. त्यांची कुसुम मॅट्रिक पास झाली, वस्तीतली पहिलीच पोरगी! अमरावतीच्या एका शिक्षणसंस्थेने तिला तिथल्याच कॉलेजच्या फीसाठी शिष्यवृत्ती दिली, तीही चेकने. फी भरायची शेवटची तारीख ठरलेली होती. ती चुकली की जागा दुसऱ्या कुणाची.

"जय भीम, बाबूजी," म्हणत भाऊ माझ्या टेबलाशी आले तेव्हा एक आठवडा आधीच वाया गेला होता. झालं असं की चेकच्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा होत्या. भाऊंनी त्या पाहिल्या आणि चेक तसाच अमरावतीला नेऊन संस्थेच्या टेबलावर ठेवला. "खोडलेला कागद देता काय जी गरिबाले?" शाळेत गणित चुकलं की मास्तर अश्शाच रेघा मारायचे!

तिथल्या लोकांनी समजावलं, या रेघांमुळे पैसे खात्यातच जमा होतात, चोराच्या हाती पडत नाहीत. भाऊंनी ऐकलं, पण त्यांचं समाधान झालं नाही. मला म्हणाले, "चोराले भेटत नाई, हे समजलं. पण मले भेटते का, ते सांगा!"

* * *

कुसुमच्या नावाने खातं उघडलं, तिचं वय कमी म्हणून सही भाऊंची. ती वडिलांच्या मागे उभी होती, तोंडातून अक्षर नाही. आमचे साहेब पुण्याचे. त्यांनी भाऊंना चेकचा रस्ता समजावून सांगितला. तो रजिस्टर टपालाने अमरावतीच्या शाखेत जाणार, तिथे पास होणार, मग तसं पत्र अकोल्याला येणार आणि मग पैसे मिळणार.

भाऊंचा चेहरा उजळला. "अमरावतीले त पोरगीबी चालली, मावशीकडे! तिच्याच हाती द्या ना."

"चेक असा कुणाच्या हाती देता येत नाही."

"कोणाच्या काहून? तिच्याच नावाचा हाये!"

"म्हणूनच देता येत नाही," साहेब म्हणाले.

भाऊ माझ्याकडे बघू लागले. मी फायलीत डोकं घातलं. नियम बरोबर होता, पण तो का बरोबर होता, हे मला काही केल्या आठवेना!

* * *

आमचे शिपाई रहमानचाचा अमरावतीच्या वाटेवरच्या मूर्तिजापूरचे आणि पक्के थट्टेखोर. ते भाऊंच्या कानाशी लागले. "भाऊ, अमरावती की फिकर मत करो. डर मूर्तिजापूर का है! वहाँ टपाल की थैली गलती से छोटी लाइन की गाडी में चढ गई, तो चेक गया अचलपूर! वो गाडी वापस कब आती, ये उसके ड्रायव्हर को भी मालूम नहीं."

चाचा गंमत करत होते, पण भाऊंनी ती मनाला लावून घेतली. ज्या गाडीने टपाल निघालं त्याच गाडीत त्यांनी कुसुमला बसवलं आणि काय करायचं ते नीट बजावलं. मूर्तिजापूर आलं तशी पोर खाली उतरली आणि थेट टपालाच्या डब्यापुढे जाऊन उभी राहिली.

डब्यातल्या माणसाने विचारलं, "काय पाहिजे, बाई?"

"काई नाई. माहा चेक उतरते काय, ते पाऊन राहिली."

गाडीने शिटी दिली तेव्हा कुठे ती परत चढली. हे सगळं तिने वडिलांना कार्ड टाकून कळवलं आणि भाऊंनी ते कार्ड आम्हाला वाचून दाखवलं. शेवटी लिहिलं होतं, "चेक उतरला नाही. काळजी नसावी."

* * *

मग सुरू झालं वाट पाहणं. भाऊ रात्रपाळी संपवून रोज सकाळी बाकावर हजर. तिकडे अमरावतीला कुसुमही तिथल्या शाखेत रोज खेटे घालत होती.

एका सकाळी संत्र्यांचे एक व्यापारी तणतणत आले. त्यांनी आलेला चेक सत्यनारायणाच्या चौरंगावर ठेवला होता. त्यावर पंचामृत सांडलं, सहीची शाई पसरली, आणि सही जुळत नाही म्हणून चेक परत आला.

"देवानं पावन केली सही, अन् तुमाले चालत नाई?" शेठ गरजले. "देवापेक्षा मोठे झाले काय तुमी?"

साहेब शांतपणे म्हणाले, "शेठ, देवाची सही आमच्याकडे नमुन्याला नाही."

बाकावरून भाऊ चाचांना हळूच म्हणाले, "आमच्या घरी आता पूजा नसते. बरं झालं बावा!"

* * *

गावातल्या गावात चेक वटवायचा तरी तीच तऱ्हा. रोज सकाळी सगळ्या बँकांचे कारकून एका खोलीत जमायचे आणि एकमेकांचे चेक वाटून घ्यायचे. सगळ्यांची बेरीज जुळल्याशिवाय कुणी उठायचं नाही, असा रिवाज. एके दिवशी एक चेक काही सापडेना! टेबलाखाली पाहिलं, एकमेकांचे खिसे तपासले, दुपार कलली. शेवटी चहावाल्याने कपबश्या उचलल्या तर चेक बशीच्या बुडाला चिकटलेला!

मी शाखेत येऊन हे रंगवून सांगितलं. सगळे हसले, भाऊ हसले नाहीत.

"बाबूजी, अमरावतीचे लोक चहा पेतात काय?"

* * *

शेवटची तारीख उद्यावर आली तरी पत्र नाही. मला त्या दिवशी डबा गेला नाही. साहेबांना म्हटलं, "आगाऊ देऊन टाकू या का?" साहेब नुसते नकारार्थी मान हलवत राहिले. नियमापुढे त्यांचाही जीव कासावीस झाला होता, ते दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रहमानचाचांनी पोस्टमनची वाटच पाहिली नाही. स्वतः पोस्टात गेले आणि पत्र घेऊन सायकलवरून आले, धापा टाकत. आणि आमच्या साहेबांनी, घड्याळ लावून जेवणाऱ्या त्या पुण्याच्या माणसाने, बँकेची वेळ व्हायच्या आधी कॅश उघडायला लावली! भाऊंनी पैसे उपरण्यात बांधले आणि स्टेशनकडे धूम ठोकली.

तिकडे कॉलेजमध्ये फीची खिडकी बंद व्हायला आली होती. कुसुमने खिडकीच्या फळीवर हात ठेवला, तो काढलाच नाही. "माहे बाबा गाडीत हायेत," एवढंच ती त्या बाबूला सांगत राहिली. भाऊ पोचले तेव्हा बाबूच्या हातात कुलूप होतं.

फी भरली गेली. आम्हाला कळलं तेव्हा चाचांनी स्वतःच्या खिशातून सगळ्या शाखेला चहा पाजला.

* * *

कुसुम सामान न्यायला अकोल्याला आली तेव्हा भाऊ तिला घेऊन बँकेत पेढे वाटायला आले. साहेबांनी पेढा घेतला, विचारलं, "सगळं पार पडलं ना नीट?"

"हो जी," भाऊ म्हणाले. "पण एक गोष्ट समजून नाई राहिली."

अमरावतीच्या शाखेतला बाबू आता कुसुमच्या चांगला ओळखीचा झाला होता. त्याने तिला सांगितलं की कॉलेज त्याच संस्थेचं. चेक निघाला तो संस्थेच्या खात्यातून, आणि फी जमा झाली तीही संस्थेच्या त्याच खात्यात.

"म्हंजे पैसे होते तिथंच हायेत?" भाऊंनी विचारलं.

"तसंच म्हणावं लागेल," साहेब म्हणाले.

"मंग एवढे दिवस फिरलं कोण जी?"

साहेबांनी चष्मा पुसायला घेतला. मी चाचांकडे पाहिलं, चाचांनी पेढ्याकडे.

आमच्या बँकेत आजवर एक शब्दही न बोललेली कुसुम तेव्हा म्हणाली, "मी फिरली ना, बाबा!"